गाडी पॉलिश करायचं हातातलं मशीन: प्लग लावण्याआधीपासून मशीन पुसून ठेवेपर्यंत

नवरात्र जवळ आलं की कोल्हापुरात गल्लोगल्ली गाड्या धुवायच्या आणि चमकवायच्या कामाला जोर येतोय. खंडेनवमीला गाडीला हार घालायचा म्हटल्यावर बॉनेटमध्ये तोंड दिसलं पाहिजे हा इथला हट्टच आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. आता पॉलिशिंगचं हातातलं मशीन ऑनलाइन सहज मिळतंय, उद्यमनगरात तर दुकानात हातात धरून वजन बघून घेता येतंय, त्यामुळं दारात गाडी लावून स्वतःच काम करणारी पोरं भरपूर वाढलीत. चांगलंच आहे की. फक्त मशीन चालवायचं कसं हे कुणी नीट बसवून सांगत नाही, एक व्हिडिओ बघायचा आणि प्लग लावायचा एवढ्यावरच सगळं चाललंय, म्हणून हे जरा लांबच लिहितोय. उदाहरणं कारची जास्त आहेत पण बुलेट, ट्रॅक्टर, स्टीलची रेलिंग, पितळी समई काहीही असलं तरी यातलं बरंचसं तसंच लागू होतंय.

सगळ्यात आधी स्पीड

आपल्याकडं सगळ्यात जास्त धोका मला दिसतोय तो चार इंची अँगल ग्राइंडरला फोमचा नाहीतर लोकरीचा पॅड लावून तोच पॉलिशर म्हणून वापरण्यात. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर हा सगळा फौंड्री आणि मशीनशॉपचा पट्टा, प्रत्येक घरात कुणी ना कुणी कारखान्यात, त्यामुळं ग्राइंडर घरात असतोच आणि हातही त्याला सरावलेला असतोय. मग वेगळं मशीन कशाला घ्यायचं असं वाटणं साहजिक आहे. पण ग्राइंडरच्या पट्टीवर बघा, ११,००० च्या आसपास आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, लिहिलेलं असतंय. पॉलिशर चालतो साधारण ६०० ते ३,००० मध्ये, आणि गाडीच्या रंगावर प्रत्यक्ष काम होतंय १,००० ते १,५०० वर.

हिशोब करून बघू. १५० मिलिमीटरचा पॅड घेतला तर त्याचा घेर साधारण ४७ सेंटिमीटर. १,२०० आरपीएमला त्याची कड ताशी ३४ किलोमीटरनं पळते. तोच पॅड ११,००० वर नेला की कड ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाते. आणि पॅडला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतोय, म्हणजे वेग नऊ पट तर जोर ऐंशी पटीच्या वर. फोम आणि वेल्क्रो असल्या जोरासाठी बनवलेलेच नसतात. पॅड सुटून उडतो, किंवा बॅकिंग प्लेट, म्हणजे पॅड ज्यावर बसतो ती चकती, फाटते आणि तुकडे ज्या दिशेला जायचे त्या दिशेला जातात. वर मोठा पॅड बसावा म्हणून पोरांनी ग्राइंडरचं गार्ड आधीच काढून टाकलेलं असतंय. पॅड नाही सुटला तरी रंग दोन सेकंदात जळतोय.

यावर दोन उत्तरं ऐकायला मिळतात. एक, फॅनचा रेग्युलेटर नाहीतर डिमर मध्ये जोडून स्पीड कमी करतो म्हणणारे. हे करू नका. फॅनचा रेग्युलेटर एवढ्या करंटसाठी नसतो, तो तापतो आणि जळतो, आणि ग्राइंडरची मोटर हळू फिरली की तिचा स्वतःचा पंखाही हळू फिरतोय, वर कमी स्पीडला तिच्यात जोरही राहत नाही, मग माणूस दाबून धरतोय आणि मोटर अजून तापते. दुसरं, स्पीड कमी-जास्त होणारा ग्राइंडर आहे माझ्याकडं. चांगला आहे, पण त्याचा सगळ्यात कमी आकडा सुद्धा बहुतेक वेळा २,८०० च्या आसपास असतोय, रंगासाठी तेही जास्तच. रंगाला पॉलिशरच पाहिजे. पैसे नसतील तर दोन दिवसांपुरता भाड्यानं आणा नाहीतर मित्राचा मागा, पण ग्राइंडरला पॅड लावू नका.

कुठलं मशीन घ्यायचं

दोन जाती आहेत. रोटरी म्हणजे पॅड एकाच मध्यावर गोल फिरतोय, जोर भारी, कामाला फास्ट, पण एका जागी रेंगाळलं की तिथं लगेच गरम होतंय आणि कडेला अडकलं तर हाताला झटका देतंय. दुसरं ड्युअल अ‍ॅक्शन, सगळे डीए म्हणतात त्याला, यात पॅड फिरतोही आणि थरथरत सरकतोही, ८, १५ नाहीतर २१ मिलिमीटरच्या वर्तुळाचा झोल असतोय. जास्त दाबलं किंवा कडेला टेकलं तर यातल्या बऱ्याचशा मशीनमध्ये पॅड फिरायचा थांबतोय, नुसता थरथरत राहतोय. नवीन माणसासाठी हेच सगळ्यात मोठं संरक्षण आहे. पहिलंच मशीन घेत असाल तर डोळे झाकून डीए घ्या. फास्ट काम पाहिजे म्हणून रोटरी घेणारे बघितलेत, त्यातल्या बऱ्याच जणांच्या बॉनेटच्या कडेला पांढरा प्रायमर दिसतोय.

घेताना पाच गोष्टी बघा. डायल फिरवल्यावर स्पीड खरंच बदलतंय का आणि बटण दाबल्या दाबल्या झटका न देता हळूहळू वेग पकडतंय का. बाजूचं हँडल आहे का. बॅकिंग प्लेटवर जास्तीत जास्त आरपीएमचा आकडा छापलाय का, कारण तो आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा मोठाच असला पाहिजे. आणि स्पिंडलचे, म्हणजे प्लेट फिरवणाऱ्या दांड्याचे, आटे. मोठ्या पॉलिशरला बहुतेक एम १४ असतात, आपल्याकडच्या चार इंची ग्राइंडरला एम १०, एकाची प्लेट दुसऱ्याला बसत नाही, आणि मधे काहीतरी कपलर घालून बसवायचं म्हणजे पॅड वाकडा फिरणार, थरथर वाढणार.

पाचवी गोष्ट लॉक बटण. बटण दाबून ठेवायला बोट दुखतंय म्हणून ते लॉक असतंय, सोयीचं आहे, पण आपल्याकडं लाइट जाते. मशीन चालू असताना लाइट गेली, तुम्ही मशीन बॉनेटवर ठेवून चहाला गेला आणि लाइट आली, की लॉक केलेलं मशीन आपोआप सुरू होतंय आणि गाडीवरनं नाचत खाली पडतंय. शेजारी पोरगं उभं असलं तर काय होईल याचा विचार करा. काही मशीनमध्ये लाइट परत आल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय असते, ती असेल तर उत्तम. नसेल तर सवयच लावा, लाइट गेली की पहिलं लॉक सोडायचं, मग प्लग काढायचा, मग चहा.

करंटची बाजू

गाडी आत्ताच धुतलेली, फरशी ओली, पायात स्लीपर नाहीतर तेही नाही, आणि हातात २३० व्होल्टचं मशीन. यापेक्षा वाईट जुळणी कुठली सांगा. म्हणून धुणं आणि पॉलिश यात अंतर ठेवा. गाडी पूर्ण कोरडी करा, दाराच्या फटीतलं, आरशाच्या मागचं, नंबर प्लेटच्या मागचं पाणी दारं आपटून, कापड लावून काढा, तिथनं नंतर ओघळ येतोच येतोय आणि नेमका पॅडखाली येतोय. जमीन पुसून घ्या, नाहीतर दुसऱ्या कोरड्या जागी गाडी न्या. पायात रबरी सोलचे बंद बूट. अनवाणी अजिबात नको.

घरात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, आहे का बघा, मेन स्विचच्या डीबी बॉक्समध्ये टेस्ट असं लिहिलेलं छोटं बटण असतंय तेच ते. ते बटण दाबून स्विच पडतोय का हे काम सुरू करायच्या आधी बघायचं. जुन्या घरांमध्ये, वाड्यांमध्ये ते बऱ्याचदा नसतंच, मग ओळखीच्या वायरमनला सांगून बसवून घ्या, पॉलिशरपुरतं नाही, गिझर आणि वॉशिंग मशीनसाठी सुद्धा तेच कामाला येतंय. बऱ्याच पॉलिशरना दोन पिनाच असतात, पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतंय, म्हणजे डबल इन्सुलेशन, त्याला अर्थिंग लागत नाही. पण पाणी आत गेलं की त्या डबल इन्सुलेशनचा भरवसा धरायचा नाही.

एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल जरा थांबून सांगतो कारण इथं सगळे कंजूषपणा करतात. १,२०० वॉटचं मशीन साधारण ५ अँपिअर घेतं, सुरू होताना त्याहून जास्त. मोबाइल चार्जिंगचा पातळ वायरचा बोर्ड यासाठी नाही. तांब्याची १.५ स्क्वेअर मिलिमीटरची वायर, जाड पिन, १६ अँपिअरचा सॉकेट, असा एक बोर्ड बनवून घ्या, आयुष्यभर पुरतोय. वायरचं वेटोळं असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर चालू करंटला आतल्या आत तापते आणि वितळते. जोड बोर्डाचा जमिनीवर नको, स्टुलावर नाहीतर खिडकीत ठेवा. आणि मशीनच्या वायरला कुठं कट असेल, टेप गुंडाळलेली असेल, तर ती वायर बदलूनच काम करा. काम करताना वायर खांद्यावरनं पाठीमागं घ्यायची, म्हणजे ती पॅडखालीही येत नाही आणि गाडीवर घासून नवीन ओरखडेही पाडत नाही.

जागा

सावली पाहिजे. एप्रिल-मेमध्ये काळ्या गाडीचं बॉनेट दुपारी हात ठेवता येणार नाही एवढं तापतंय, त्यावर कंपाउंड, म्हणजे रंग घासून चमकवायची पेस्ट, टाकलं की लगेच वाळून पावडर होतंय, आणि आधीच तापलेल्या रंगावर मशीनची उष्णता चढली की रंग लवकर जातोय. पत्र्यावर तळहात ठेवा, गार लागला पाहिजे. सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, उघड्यावर काम काढूच नका, बाहेर शेड असली तरी वाऱ्यानं झड आत येते, आणि झड आली की प्लग काढायचा, एवढा एक पॅनेल पूर्ण करतो असं नाही.

आसपास थिनर, पेट्रोलचा डबा, स्प्रे पेंट असलं काही नको. मोटरच्या मागच्या फटीतनं बघा, आत निळसर ठिणग्या दिसतात, त्या कार्बन ब्रशच्या, म्हणजे मोटरला करंट पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांच्या, चालू मशीनमध्ये त्या असणारच, आणि थिनरची वाफ पकडायला तेवढ्या पुरतात. डांबराचे डाग थिनरनं नाहीतर रॉकेलनं पुसले असतील तर ते कापड लांब टाका, वास पूर्ण जाऊ द्या, मग मशीन. आणि लहान पोरं, कुत्री, बघायला आलेली गल्ली, सगळ्यांना दोन-तीन मीटर लांब उभं करा. पोरांना वायर दिसत नाही, पळत येतात आणि पाय अडकतोय.

अंगावर काय असावं, काय नसावं

गॉगल, हा पहिला. चष्मा असला तरी वरनं गॉगल, कारण कंपाउंडचे शिंतोडे बाजूनं येतात आणि त्यात घासणारी बारीक पावडर असते. मास्क एन ९५. वास असलेलं पॉलिश असेल तर हवा खेळती पाहिजे, बंद गॅरेजमध्ये शटर ओढून काम नको. कानात इअरप्लग, आवाज ८५ डेसिबलच्या वर जाऊ शकतोय आणि कार दोन तासात होत नाही, दिवस जातो. हेडफोनवर गाणी लावून काम करू नका, वायरचे तर मुळीच नको, मशीनचा आवाज बदलला की काहीतरी बिघडलंय हे पहिलं कानालाच कळतंय.

काय नसावं ते जास्त महत्त्वाचं. ढगळ शर्ट, उपरणं, ओढणी, साडीचा मोकळा पदर, हुडीची नाडी, गळ्यातली चेन, हातातलं कडं, गंडा, दोरा, घड्याळ, अंगठी. फिरणारा पॅड यातलं काहीही एका क्षणात गुंडाळून घेतो आणि मशीन तुमच्याकडं ओढलं जातंय. लांब केस बांधून टोपीखाली. मनगटातला देवाचा धागा काढायला माणसं तयार होत नाहीत, त्यांनी निदान त्यावर मनगटापर्यंत घट्ट बाही ओढून घ्यावी. हातमोजे घालायचे तर हाताला चिकटून बसणारे पातळ नायट्राइलचे. ढिले सुती मोजे रोटरीबरोबर अजिबात घालू नका, बोटाचा धागा अडकला की बोटही जातंय. बेल्टचं बक्कल आणि शर्टाची बटणं रंगाला घासतात, टी-शर्ट घाला.

गाडीची तयारी

धूळ असलेल्या गाडीवर पॉलिशर फिरवणं म्हणजे पॅडला वाळू लावून घासणं. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची, वरून खाली धुवा. जोतिबाला जाऊन आलेली गाडी असेल तर गुलाल कोरडा पुसायचा नाही, आधी पाण्याच्या धारेनं उडवायचा, फटीतला ब्रशनं काढायचा, मग शाम्पू. उसाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॉल्यांची माती आणि चिखल असतोय, चाकाच्या कमानीखालचं तेवढं नीट बघा. धुतल्यावर पण हाताला खरखर लागत असेल तर क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, फिरवून घ्या.

मग टेपिंग. मास्किंग टेप लावायची दाराच्या कडा, बॉनेटची कड, पॅनेलवरच्या उंच रेघा, काळं प्लास्टिक, रबर, हेडलाइटच्या भोवती, एम्ब्लेम. हे कंटाळवाणं काम आहे पण याच जागांवर रंग सगळ्यात पातळ असतोय. गाडीच्या वरच्या पारदर्शक थराची, क्लिअर कोटची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. त्यातनं प्रत्येक कडक पॉलिशला थोडा थर जातो आणि परत येत नाही. म्हणून दरवर्षी दसऱ्याला कंपाउंड मारायचं नसतं, एकदा नीट केलं की पुढं नुसतं वॅक्स. गाडी जुनी घेतलेली असेल, आधी कुणी किती घासलीय माहीत नसेल, तर एखाद्या डिटेलिंगवाल्याकडनं मीटर लावून जाडी बघून घ्या. अँटेना काढता येत असेल तर काढा, वायपर उभे करून त्यावर टॉवेल, पॅड सगळ्यात जास्त अडकतोय तो अँटेना, वायपर आणि नंबर प्लेटच्या कडेत.

पॅड बसवणं

प्लग काढून. बटण बंद आहे म्हणून नाही, प्लग हातात दिसला पाहिजे. बॅकिंग प्लेट फिरवून घट्ट करताना स्पिंडल लॉकचं बटण दाबायचं, आणि हे बटण मशीन पूर्ण थांबल्याशिवाय कधीच दाबायचं नाही, आतली पिन आणि गिअर तुटतात. पॅड वेल्क्रोवर बरोबर मध्यावर बसला पाहिजे, भोवती कड सारखी दिसते का बघा, वाकडा बसला की थरथर येते आणि एका बाजूनं वेल्क्रो सुटायला लागतंय. वेल्क्रोचे आकडे झिजून गुळगुळीत झाले असतील तर प्लेट बदला. फोम फाटलेला, चिकटवलेला पॅड टाकून द्या. हातानं फिरवून बघा, कुठं घासत नाही ना.

मग प्लग लावायच्या आधी बटण बंद आहे, लॉक सुटलेलं आहे, डायल १ वर आहे हे बघायचं. दोन्ही हातानं धरायचं, एक हात मागं बटणावर, एक पुढं हँडलवर. पॅड चेहऱ्यापासून आणि पायापासून लांब, आणि अर्धा मिनिट हवेत रिकामं चालवायचं, कमी स्पीडवरच. वेगळा आवाज, जळका वास, जास्त थरथर यातलं काही आलं तर बंद करून प्लग काढा. डीए हवेत फुल स्पीडला सोडू नका, पॅड उडतोय.

प्रत्यक्ष काम

पहिला हात बॉनेटच्या मधोमध नको, मागच्या दाराच्या खालच्या बाजूला घ्या, तिथं काही चुकलं तरी लगेच दिसत नाही. एका वेळी साधारण ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा चौकोन, त्याहून मोठा नाही. नवीन पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, पुढच्या वेळी तीन पुरतात. मशीन बंद असतानाच पॅड टेकवून थेंब पसरून घ्यायचे, मगच बटण दाबायचं. चालू मशीन वरून टेकवलं की कंपाउंड भिंतीवर, तोंडावर, आणि रोटरी असेल तर मशीन तिरकं पळतंय. सुरुवात टेकवून आणि शेवटही टेकलेल्या अवस्थेतच, बटण सोडायचं, पॅड थांबू द्यायचा आणि मग उचलायचं.

मिनिटभर कमी स्पीडला पसरवा, मग डीए डायलच्या ४ किंवा ५ वर, रोटरी १,००० ते १,५०० मध्ये. हात हळू, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, आधी आडवा मग उभा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवून. हे डीएचं. रोटरीला हात यापेक्षा जलद पाहिजे, तिच्याबरोबर थांबणं माफ नाही. दाब म्हणाल तर मशीनचं वजन आणि वर हाताचा थोडासा. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करनं एक रेघ मारून ठेवा, रेघ फिरताना दिसतेय म्हणजे डीए नीट चाललंय, नुसती थरथरताना दिसली की दाब जास्त आहे नाहीतर मशीन तिरकं धरलंय. पॅड पूर्ण सपाट टेकला पाहिजे. तिरकं धरून कडेनं घासायची सवय ग्राइंडरवाल्यांना असते, ती इथं सोडावी लागतेय.

प्रत्येक चौकोन झाला की मशीन थांबवून पत्र्याला हात लावून बघा. कोमट चालतंय. हात मागं घ्यावासा वाटला तर गरम झालंय, दुसऱ्या पॅनेलकडं जा. बंपर प्लास्टिकचा असतोय, तिथली उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही, जागेवरच साठते, त्यामुळं बंपरवर स्पीड आणि वेळ दोन्ही कमी. गॅरेजमध्ये रंगवून आणलेला पॅनेल असेल तर पेंटरला विचारल्याशिवाय मशीन लावू नका, रंग आतून पूर्ण वाळायला वेळ लागतो.

आता कडा. रोटरीचा झटका बहुतेक वेळा इथंच बसतोय म्हणून नीट समजून घ्या. मशीनच्या डोक्यावर बाणानं दिशा दाखवलेली असते, वरून बघितलं तर पॅड घड्याळाच्या काट्यासारखा फिरतोय. पॅडचा जो भाग कडेला लागणार तो पॅनेलवरनं कडेच्या बाहेर जाणारा पाहिजे. बाहेरून येऊन कडेत घुसणारा असेल तर पॅड कडेला पकडतो, रंग उडतो, आणि मशीन मनगट मुरगाळून मागं येतंय. समजायला अवघड वाटत असेल तर मशीन बंद ठेवून, प्लग काढून, पॅड हातानं बाणाच्या दिशेला फिरवत कडेपाशी नेऊन बघा, दोन मिनिटात डोक्यात बसतंय. आणि खरं सांगू का, कडा, दाराच्या हँडलच्या खाचा, आरशाच्या खालचा भाग, हे हातानं मायक्रोफायबरनंच करा.

छतासाठी पक्का स्टूल किंवा पायऱ्यांचं टेबल. उलटी बादली, विटा, टायर यावर उभं राहून दोन्ही हातात मशीन धरू नका, तोल गेला तर सावरायला हात मोकळाच नसतोय. खालच्या भागासाठी मांडी घालून बसा, पण मांडीवर मशीन ठेवून नाही.

दुचाकीचं वेगळं सांगतो. टाकी आणि मडगार्ड यावर छोटा, तीन इंची पॅड. स्पोक, डिस्क, चेन, लिव्हर यांच्या जवळ मशीन न्यायचंच नाही, स्पोकमध्ये पॅड गेला की मशीन हातातनं सुटलंच. आणि मेन स्टँडवर लावून, इंजिन चालू करून, गिअर टाकून चाक फिरवत त्याला कापड नाहीतर पॅड लावायची जी पद्धत आहे ती कृपा करून बंद करा. चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे बोट जायला क्षण लागत नाही, आणि गेलेलं बोट परत येत नाही. ब्रेक डिस्कवर पॉलिश किंवा वॅक्स लागलं तर ब्रेक लागत नाही, त्यामुळं डिस्क आधीच झाकून घ्या.

पितळ, स्टील, चांदी

समई, घंटा, नळ असल्या छोट्या वस्तू एका हातात धरून दुसऱ्या हातात मशीन धरायचं नाही. वस्तू वाइसमध्ये, मधे लाकडाच्या नाहीतर रबराच्या पट्ट्या घालून आवळायची, मग दोन्ही हात मशीनला. हुपरीत चांदीचं बफिंग बैठ्या मोटरवर होतंय, तिथं मशीन स्थिर आणि वस्तू हातात, ते वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम आहे, हातातल्या मशीनवर तसं करायला जाऊ नका. पैंजण, चेन, साज असलं साखळीचं काहीही फिरत्या बफला लावायचंच नाही, साखळी बफला गुंडाळते आणि बोटासकट ओढते. घरच्या दागिन्याला मऊ ब्रश आणि हात पुरे, नाहीतर सोनाराकडं द्या.

अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन कव्हर नाहीतर मॅगव्हील चमकवत असाल तर बारीक धूळ साठू देऊ नका, अ‍ॅल्युमिनियमची धूळ पेटते. त्याच जागी लोखंडाचं ग्राइंडिंग करून ठिणग्या पाडायच्या नाहीत. कडाप्पा आणि ग्रॅनाइटला हे मशीन वापरूच नका, ओल्या कामाचं वेगळं मशीन असतंय, आणि ग्रॅनाइट कोरडं घासलं तर सिलिकाची धूळ फुफ्फुसात जाऊन कायमचा आजार होतोय.

मधे थांबणं आणि मशीन ठेवणं

पंधरा-वीस मिनिटं झाली की मशीनही थांबवा आणि हातही. सतत थरथरणाऱ्या मशीननं बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, आधी मुंग्या येतात, मग थंडीत बोटं पांढरी पडायला लागतात, आणि ते पुढं गेलं की बरं होत नाही. एका गाडीनं काही होणार नाही, पण गॅरेजमध्ये रोज दिवसभर हेच काम करणाऱ्या पोरांनी हे मनावर घ्यावं आणि मालकानं तर घ्यावंच. हँडल गच्च आवळून धरू नका, मोटरचं डोकं तापलं असेल तर मशीन बंद करून गार होऊ द्या.

खाली ठेवताना पॅड थांबलाय याची खात्री करून, पाठीवर, पॅड वरती करून ठेवायचं. पॅडवर ठेवलं तर पॅडला माती लागते आणि तीच मग रंगावर फिरते. जमिनीवर पडलेला पॅड धुतल्याशिवाय परत वापरू नका.

पॅडमध्ये साठलेलं कंपाउंड साफ करायला नायलॉनचा ब्रश, मशीन बंद असताना. फिरत्या लोकरीच्या पॅडला स्क्रू ड्रायव्हर नाहीतर चाकू लावणारे आहेत, तो अडकून उलटा येतो आणि थेट हातात घुसतो.

काही झालंच तर

कंपाउंड डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्यानं पंधरा मिनिटं डोळा उघडा धरून धुवायचा आणि डॉक्टरला दाखवायचं. हात कापला तर स्वच्छ कापडानं दाबून धरा, हात वर ठेवा, रक्त थांबत नसेल तर सरळ दवाखान्यात. कुणाला करंट लागला तर त्याला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद, नाहीतर प्लग ओढा, तेही जमत नसेल तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला करा. मग १०८ ला फोन, आणि जवळ असाल तर सीपीआर हॉस्पिटलला, म्हणजे कोल्हापुरातल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात न्या. माणूस उठून बसला, बोलायला लागला तरी दाखवून या, करंटचा हृदयावरचा परिणाम नंतरही दिसू शकतोय.

काम संपल्यावर

प्लग काढा, पॅड काढा, वेल्क्रो बंद खोलीत गरम राहिलं तर डिंक सुटतोय म्हणून थोडा वेळ उघडं ठेवा. पॅड कोमट पाण्यात साबणानं धुऊन, पिळवटून न काढता दाबून, सावलीत वाळवा. लोकरीचे धागे मोटरच्या हवेच्या फटीत अडकतात, मऊ ब्रशनं काढा नाहीतर ब्लोअर मारा, ब्लोअर मारताना गॉगल पुन्हा डोळ्यावर. मशीन ओल्या कापडानं पुसायचं नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, घरात कोरड्या जागी पिशवीत, आणि कधी भिजलंच तर उन्हात वाळवून लगेच चालू करून बघायचं नाही, आधी दुरुस्तीवाल्याकडनं उघडून तपासून घ्यायचं. तेल, थिनर, लाकडाचं जवसाच्या तेलाचं पॉलिश लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची चिंधी ढिगात स्वतःहून तापून पेट घेते. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

कार्बन ब्रश कधीतरी उघडून बघत जा. ठिणग्या जास्त मोठ्या, पिवळ्या दिसायला लागल्या, मशीन मधेच बंद-चालू व्हायला लागलं की ते संपत आलेत. जुना कार्बन खिशात घालून दुकानात न्या आणि त्याच मापाची जोडी आणा. बदलताना दोन्ही एकदमच बदला, आणि बदलल्यावर पाच-दहा मिनिटं मशीन कमी स्पीडवर रिकामं चालवा म्हणजे कार्बन नीट बसतोय.